बगळ्याचा चष्मा

माझा पहिला संशय बगळ्यावर होता.

हा बगळा खाडीवरचा नव्हे, माझ्या नातीच्या पुस्तकातला. नात चार वर्षांची, राहायला रोह्याला, म्हणजे माझ्या मुलीच्या सासरी. तिच्या बालवाडीतून दर शनिवारी एक चित्रांचं पुस्तक घरी यायचं आणि सोमवारी परत जायचं. पानावर एक ओळ, बाकी सगळं चित्र. राजा नाही, राक्षस नाही, साधा चोरसुद्धा नाही. एका पुस्तकात अस्वलाला राग येतो आणि शेवटी जातो. दुसऱ्यात खारीला रडू येतं आणि थांबतं. संपली गोष्ट. मी जन्मभर रागावतोय, पण माझ्यावर कुणी पान काढलं नाही.

बगळा होता तो बेडकाच्या पुस्तकात. ते नातीला इतकं आवडायचं की पुन्हा पुन्हा तेच घरी यायचं, आणि मी एकदा रोह्याला गेलो तेव्हा ते चाळलं. बगळेकाका छोट्या बेडकाला म्हणतात, "माझ्या घरी राहायला ये." बेडूक पोटावर हात ठेवतो आणि म्हणतो, "आज नको. माझ्या पोटात गुडगुड होतंय." बेडकाची आई त्याला जवळ घेते आणि म्हणते, "नको तर नको." आता बगळ्याने बेडकाला घरी बोलावलं तर बेडकाने जाऊ नये, हे खाडीकाठचं कुठलंही पोर सांगेल. त्यासाठी पोटात गुडगुड कशाला व्हायला हवी? पण ते सोडा. मला खटकलं ते वेगळंच. त्या बगळ्याला चष्मा होता. डोक्यावर चार केस, तेही उभे. आणि मान पुढे काढून बघायची सवय.

मी आरशात पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण आदल्या दिवाळीपासून नात पेणला, म्हणजे आमच्याकडे, यायला तयार नव्हती. आधी यायची ती उड्या मारत. आता फोनवर विचारलं, "कधी येतेस?" की पलीकडून शब्दाला शब्द तोच, "आज नको आबा. माझ्या पोटात गुडगुड होतंय." मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली होती. ती सुट्टीत येणार की नाही, एवढाच प्रश्न आमच्या घरात उरला होता, आणि उत्तर त्या बेडकाच्या हातात होतं.

"पोरीला कुणीतरी पढवलंय," मी बायकोला म्हटलं.

"कोन पढवनार? चार वर्सांची हाय ती."

"पुस्तक."

"मग पुस्तकानं पढवायचं नाय तर काय भाकऱ्या थापायच्या?"

"अगो, फुकट वाटतात ती पुस्तकं. फुकट मिळतं त्याच्यात काहीतरी असतंच."

"व्हय. तुमीपन मला फुकटच मिळालाव."

बायको माझ्या बाजूची नाही हे कळल्यावर मी एकट्याने तपास सुरू केला. बगळ्याखालोखाल संशयित जावई. तो रोह्याजवळ धाटावला कंपनीत आहे, शिफ्ट करून येतो आणि झोपतो. भला माणूस, पण कमी बोलतो. कमी बोलणारा माणूस उरलेलं सगळं कुठे साठवून ठेवतो, याची मला नेहमीच काळजी वाटत आलीये. तिसरी संशयित बालवाडीची बाई. तिला मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिच्यावर संशय घेणं सगळ्यांत सोपं होतं.

रविवारी मी गाडीत बसून पुन्हा रोह्याला गेलो. नागोठण्यापर्यंत बेडकाच्या आईला काय काय सुनवायचं ते ठरवत होतो. मुलीच्या घरी पोचलो तर नात आईच्या पदराआडून बघत उभी. मी पेणचे पोह्याचे पापड काढले. पापड घेतला, पण हात लांब करून, तेही अंग मागे ठेवून. बेडूक अगदी.

दुपारी सगळे झोपल्यावर मी ते पुस्तक घेऊन मोरीच्या दारात उजेडाला बसलो आणि पान न पान तपासलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात मोठ्यांसाठी सूचना होती: मुलाला विचारा, तुझ्या पोटात गुडगुड कधी होते? कुठे होते? विचारा आणि ऐका.

म्हटलं, सापडलं! घरातल्या बातम्या काढायची ही रीत. आज पोटातली गुडगुड विचारतील, उद्या आजोबा किती ओरडतो ते विचारतील. असले प्रश्न मी माझ्या नातीला विचारणार नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. तत्त्वाचा प्रश्न होता.

"बाबा, मोरीत बसून काय वाचताय?" मुलगी मागे उभी.

"बगळ्याला चष्मा कशाला गो लावलाय?"

"दिसत नसेल त्याला."

"की कुणासारखा तरी दाखवायचाय?"

तिने एकदा पुस्तकाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एवढी हसली की जावई उठून आला. तोही हसला. हसतानासुद्धा बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी नातीला बालवाडीत सोडायला मी मुलीबरोबर गेलो. बाई निघाली माझ्या मुलीपेक्षा लहान, केसांत खडूची पूड, कडेवर कुणाचं तरी पोर. मला बघताच म्हणाली, "काका, तुम्ही पेणचे ना? गणपतीवाले?"

पेणच्या माणसाला हा प्रश्न विचारला की तो अर्धा इंच उंच होतो. आमचा गणपतींचा कारखाना आहे. थोरला भाऊ साचे आणि रंग बघतो, माझ्याकडे आखणी, म्हणजे डोळे. मूर्तीचं बाकी सगळं झाल्यावर शेवटी डोळे आखतात. माझ्या हाताआधी मूर्ती म्हणजे माल आणि माझ्या हातानंतर देव, असं मी येईल त्याला सांगतो. भाऊ म्हणतो, "देव झाला असंल तर टेंपोत चढव."

"आमच्या भिंतीवर चार चेहरे काढून द्याल?" बाई म्हणाली. "आनंद, राग, दुःख आणि भीती. सकाळी आलं की प्रत्येक मूल आपल्याला वाटतंय त्या चेहऱ्यावर हात ठेवतं. मी काढलेले चेहरे सगळे बटाट्यासारखे झालेत."

शत्रूच्या गोटात शिरायची आयती संधी. मी हो म्हटलं. काम करता करता हिचा डाव बघू.

भिंतीवर भाकरीएवढे चार गोल काढले. पोरं मागे मांडी घालून बसली. आनंद झटक्यात झाला. मग राग. भुवया आवळायच्या, डोळे वटारायचे, एवढं मलाही कळतं. पण ब्रश टेकला आणि हात आपल्या वाटेने निघाला. लांब पापणी, खाली झुकलेली नजर, कमानदार भुवई. पुसलं. पुन्हा काढलं. पुन्हा तेच. दुःख काढायला गेलो, तेही शांत. भीतीसुद्धा तृप्त होऊन बसली. चारी गोल एका घरातले, नुकताच मोदकांचा नैवेद्य झालेले.

"बाबा," मुलगी म्हणाली, "सोंड तेवढी राहिली."

बाई भली. बराच वेळ बघून म्हणाली, "सुंदर आहेत हो. यातला राग कुठला?"

मी दाखवला. तेवढ्यात मागून एक पोरगी उठली, रागासमोर उभी राहिली, चप्पल काढली आणि हात जोडले. मग रांगच लागली. एकाने मोरया म्हटलं. दुसऱ्याने प्रसाद मागितला.

सगळी पोरं रांगेत, एकटी माझी नात तेवढी नव्हती. ती दाराजवळ उभी. आता इतक्या लोकांसमोर माझी लाज निघालीच होती, म्हटलं निदान घरचं माणूस तरी बाजूने बोलेल. "तू सांग गो. ही भीती बरोबर आहे ना?"

तिने मान हलवली. "नाय."

"का?"

"भीतीला डोळे नसतात."

पोरं हसली. मी बाईकडे रोखून पाहिलं. हे नक्की हिने शिकवलेलं. पण बाई माझ्याइतकीच गोंधळलेली दिसली. आणि नातीचा हात पोटावर गेला होता.

मोरीच्या दारात केलेला निश्चय तसा ताजा होता. पण तिचा तो हात बघून माझी जीभ आपोआप वळली. "कुठे होते गो गुडगुड?"

"तुझ्या कारखान्यात."

"कारखान्यात? तिथे तर बाप्पा असतात."

"ते नाय. दुसरे. पांढरे. ते सगळे उभे असतात नि त्यांना डोळे नसतात. तू मला तिकडे बसवून चहाला गेलास. मी हाक मारली तर कोणी बघितलं नाय."

बाईने कडेवरचं पोर खाली ठेवलं.

आता सांगायला हवं. नात आधी यायची ती श्रावणात, गणपतीच्या आधी. तेव्हा कारखान्यात नुसता रंग आणि डोळे. जिकडे वळावं तिकडून देव तुमच्याकडे बघतोय. दिवाळीला आली तेव्हा नवा माल पडला होता: साच्यातून निघालेल्या कच्च्या मूर्ती, पांढऱ्याफटक, भिंतीपासून भिंतीपर्यंत, डोळ्यांची जागा कोरी. मी तिला स्टुलावर बसवून म्हटलं होतं, "यांच्याशी गप्पा मार, आलोच." चहा, त्यावर एक पान, त्यावर पानवाल्याशी राजकारण. परत आलो तर पोर स्टुलावर गुमान बसलेली. किती शहाणी, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

ज्या डोळ्यांच्या जोरावर मी मिशीला पीळ देत फिरतो, ते काढायच्या आधी मूर्ती कशा दिसतात हे मी कधी बघितलंच नव्हतं. कोरी जागा दिसली की मला काम दिसायचं.

"मग बगळ्याची भीती नाय वाटत?" मी विचारलं. एवढा तपास केला होता, वाया कसा जाऊ द्यायचा?

"बगळा चांगला आहे," ती म्हणाली. "त्याला चष्मा आहे. त्याला दिसतं."

मी चौथ्या गोलातले डोळे पुसून टाकले. चेहरा पांढरा, कोरा राहिला. पोरांचं हसणं थांबलं. नात लांबूनच म्हणाली, "हां. असा." बाई हळूच म्हणाली, "काका, हा जरा जास्तच जमला." तो ठेवायचा की नाही ते तिच्यावर सोडून मी हात धुतले.

निघताना नातीला विचारलं, "सुट्टीत येशील?"

"डोळे काढ. मग येते."

पेणला येऊन मी भावाला म्हटलं, "दादा, पुढच्या दोन रांगांना आत्ताच डोळे काढतो."

"रंगाच्या आधी आखनी?" त्याने रंगाचं मशीन बंद केलं. "डोकं ठिकानावर हाय का? वरून स्प्रे मारल्यावर ते डोळे काय चाटायचे? आनि डोळे काढून ठेवलेली एखादी फुटली म्हंजे? कच्ची फुटली तर माल फुटला. डोळेवाली फुटली तर कुनाच्या माथी?"

त्याचं खरं होतं. माल आणि देव यांच्यामधली ती रेघ मीच गावभर सांगत फिरलो होतो. आता ती माझ्याच आडवी आली. मी विचार करत बसलो, चष्मा काढून पुसला, आणि चष्म्याकडे बघता बघता उठलो.

नात यायच्या दिवशी सकाळी भाऊ कारखान्यात शिरला आणि उंबऱ्यातच थांबला. पुढच्या दोन रांगांतल्या एकूण एक मूर्तीला कागदाचा चष्मा. जुन्या लग्नपत्रिका कापून काड्या केल्या होत्या, कानामागे दोऱ्याने बांधल्या होत्या, आणि कागदावर डोळे आखले होते. माझे नेहमीचे, शांत.

"हे काय रे?" भाऊ म्हणाला. "सगळ्यांचं मोतीबिंदू एकाच दिवशी काढलंस?"

"मूर्तीला ब्रश लावलेला नाही, दादा. माल तसाच आहे."

"तुला ब्रश नाय, डॉक्टर लावायला पायजे." पण त्याने एकाही चष्म्याला हात लावला नाही. एकाचा तिरका झाला होता तो मात्र सरळ केला, मी बघत नाही असं समजून.

दुपारी मुलगी आली. नात दारात उभी राहिली, हात पोटावर. मी आत बोलावलं नाही. फार जड गेलं, पण नाही बोलावलं. मान पुढे काढून बघायची सवयसुद्धा आवरली. ती पहिल्या रांगेकडे बघत राहिली. पहिली रांग चष्म्यातून तिच्याकडे बघत राहिली. मग तिने माझं बोट धरलं.

"हा बगळाबाप्पा," ती पहिल्याला म्हणाली. दुसऱ्यालाही तेच म्हणाली. एकेकाला नाव देत आम्ही पहिली रांग संपवली, दुसरी संपवली. तिसऱ्या रांगेला चष्मे नव्हते, पत्रिका संपल्या होत्या. तिथे बोटावरची पकड घट्ट झाली.

"तिकडे आज नको, आबा."

मी आजवर कुणालाही, बायकोलासुद्धा, न म्हटलेलं वाक्य माझ्या तोंडून निघालं. "नको तर नको," मी म्हटलं, आणि लगेच मागे वळून बघितलं, भावाने ऐकलं की काय.