रुपरावांनी ऐकलेला आराम

रुपरावांचा कान मोठा तिखट. कॉर्पोरेशनच्या पाणी खात्यात ते चावीवाले होते, वस्त्यांचं पाणी सोडायचे-बंद करायचे. नुसत्या आवाजावरून नळ जमिनीखाली कुठं गळतोय ते सांगत. असा माणूस एका साध्या शब्दापाशी फसला, आणि भोगलं मात्र त्यांच्या बायकोनं.

बायको गोपिका, माहेर खाप्याचं. मटक्यावरच्या लांब रोट्या कराव्या तर तिनंच, असं नागपुरातली त्यांची सारी नंदनवन वस्ती म्हणे. सैलसर कणीक दोन्ही हातांवर घ्यायची, हात वर उचलून या कोपरावरून त्या कोपरावर खेळवत धोतरासारखी पातळ करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यावर अलगद सोडायची. आमरसाच्या दिवसांत शेजारणी पीठ घेऊनच दारात उभ्या राहत. "सुभद्राच्या लग्नात समद्या रोट्या मीच करीन," हे लेक पाळण्यात होती तेव्हापासूनचं गोपिकाचं बोलणं. रुपराव चिडवत, "नवरदेव भेटो न भेटो, मटका तयार ठेव वं."

चौऱ्याहत्तर साली तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर म्हटल्यावर रुपराव पार भ्याले. ऑपरेशन झालं, छाती काढली, काखेतल्या गाठीही काढल्या, बाई वाचली. घरी सोडायच्या दिवशी रुपराव औषधाच्या खिडकीशी रांगेत होते. परतले तेव्हा केरळची सिस्टर खाटेपाशी उभी राहून गोपिकाला हिंदीत काही समजावत होती. रुपरावांच्या कानी शेवटचं तेवढं पडलं, "तभी आराम होगा."

आता आराम होणं म्हणजे बरं होणं, हे नागपूरच्या माणसाला काय शिकवायचं? रोज आपण एकमेकांना 'आराम पडला का' म्हणून विचारतोच. पण भ्यालेल्या माणसाला त्याला हवं तेच ऐकू येतं. रुपरावांनी ऐकलं की बाईला आराम द्यायचा.

आणि त्यांनी तो दिला, अगदी जीव ओतून दिला. जुन्या धोतराची झोळी करून तिचा हात गळ्यात अडकवला. पाणी, भांडी, धुणं सगळं स्वतःकडे घेतलं. तिनं गिलास उचलला तरी ओरडत. शेजारच्या प्रयागबाई आपल्या नवऱ्याला सुनवायच्या, "पाहा, माणूस असावा तर असा." ते ऐकून रुपरावांची छाती फुगायची, हे लपवण्यात अर्थ नाही.

"अवो, सिस्टरनं भिंतीवर बोटं चढवाले सांगतलं," गोपिका पहिल्याच दिवशी म्हणाली. "रोज थोडं थोडं वर न्या म्हणे."

"तुले हिंदी कुठं समजते? म्या माह्या कानानं ऐकलं. आराम म्हणे."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी रुपराव सकाळची पाळी करून आले, तो ही भिंतीला चिकटून उभी. बोटं खांद्याच्या उंचीवर, ओठ दाताखाली, डोळ्यांतून धारा. टाका उसवला असंच त्यांना वाटलं. त्यांनी तिचा हात खाली ओढला आणि स्वतःच लहान पोरासारखे रडायला लागले. "तुले मरायचं हाय का वं? मंग आमी कोणाकडे पाहाचं?" त्यानंतर गोपिकानं भिंतीला हात लावला नाही.

तपासणीला जायचंही असंच टळत गेलं. दीड वर्षानं गेले तेव्हा हात सुजलेला, खांदा आखडलेला. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला, तो छातीच्या वर सरकेना.

"व्यायाम सांगितला नव्हता का?"

रुपरावच म्हणाले, "साहेब, आराम सांगतला होता ना."

"अहो, आराम पडावा म्हणून तर व्यायाम!" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

मग रुपरावांनी दुसरं टोक गाठलं. रोज सकाळी तिच्यासोबत भिंतीशी उभे राहून स्वतःही बोटं चढवत. संध्याकाळी तिला मैलभर चालवून आणत. गुण आला. सूज उतरली, झोप लागू लागली, मान वाकवून तिचे केस तिला विंचरता येऊ लागले. पण हात डोक्यावर काही गेला नाही. गेलेले महिने कोण परत देणार?

एकोणऐंशीत सुभद्राचं लग्न निघालं. रोट्यांना भिवापूरच्या जिजाबाईंना बोलावलं. गोपिका चुलीपाशी पाटावर बसून बघत होती. बसवेना तशी उठली. "एक तरी करते, बाई." कणीक हातांवर घेतली. उजवा हात वर गेला, डावा खांद्याशीच अडला. कणीक एका अंगाला घसरली आणि राखेत पडली. जिजाबाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. गोपिका हसली, पदराला हात पुसले आणि पंगतीत मीठ वाढायला गेली. रुपरावांनी हे सगळं दारातून पाहिलं. त्यांना धरती दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुपारी पोरगी सासरी गेली. रिकाम्या मांडवात दोघंच सतरंजीवर बसली होती.

"तुले तर सिस्टरचं समजलं होतं," रुपराव म्हणाले. "मंग माह्यं काहून ऐकलं? भांडली काहून नाई वं?"

"दोनदा सांगतलं तुमाले. तिसऱ्यांदा तुमी रडले," गोपिका म्हणाली. "म्या म्हटलं, हात राहू दे, आधी ह्या माणसाले आराम पडू दे."