पूर्वेच्या काठावरची लाल चिंधी

पाच वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी सात. हजर : चौकीदार रामदीन भैया आणि मी. गैरहजर : तळे समितीचे अध्यक्ष जोशीकाका.

समितीच्या वहीत एवढंच आहे. पुढचं मी कुणालाही सांगितलेलं नाही — आज तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट कळत नाही.

गाळाने भरलेलं आमचं तळं समितीने साफ केलं, कालव्याचं पाणी आणलं, आणि मगरी परत आल्या. मगर काठाच्या मातीत अंडी घालते. म्हणून नियम : पाण्याचं गेट उघडण्याआधी काठ चालून पाहायचा. अशा कामांची यादी माझ्याकडे. आणि माझी सवय अशी, की दिवसभराच्या कामांपुढे मी सकाळी घरूनच खुणा करून निघते. कामं मग होतातच — होतात ना?

दुपारी पाहुणे येणार होते. तळं भरलेलं दिसायला हवं होतं.

"दीदी, पूरब की पाल पे अंडे हैं. लकड़ी गाड़ के लाल चिंदी बाँधी है, पहले देख लो," रामदीन भैया म्हणाले.

"अच्छा, देख लिया. खोलो."

पूर्वेचा काठ कधी पाहिला होता मी? यादीत खूण होती, एवढंच. त्या क्षणी खरंच वाटलं की पाहिलंय — की वाटून घेतलं?

पाणी चढलं. संध्याकाळी काठीचं फक्त लाल टोक वर होतं. त्या वर्षी एकही पिल्लू दिसलं नाही. मगरीण मात्र कितीतरी दिवस त्याच काठाशी येऊन थांबायची.

बैठकीत जोशीकाकांनी अंड्यांबद्दल विचारलं तेव्हा मी यादी पुढे केली. मीच म्हणाले, "सकाळी काठी नव्हती. नंतर लावली असेल." माझ्या यादीवर सगळ्यांचा भरवसा. रामदीन भैयांनी माझ्याकडे एकदा पाहिलं — राग होता की नुसतं आश्चर्य? त्यांना कामावरून काढलं. घरी नवरा म्हणाला, "काहून अशी गप्प बसून राहिली?" मी म्हटलं, ऊन लागलं.

दर रविवारी नवी यादी करते. एक ओळ तेव्हापासून प्रत्येक पानावर उतरवते आहे : कांचघरला रामदीन भैयांच्या घरी जाऊन त्यांना बैठकीत आणणे, सगळ्यांसमोर खरं सांगणे.

आजही उतरवली. बाकी सगळ्या ओळींपुढे सकाळीच खुणा झाल्या आहेत.