दोन थेंबांपायी अडलेली नरस

पुऱ्या सौंसर तालुक्यात माह्या शेजारच्या पोट्टीएवढी डोक्याले ताप देनारी पोट्टी दुसरी जन्माले आली नसन. आली असन, त तिच्या शेजारची बुढी आतापर्यंत खपली असन. मी अजून जित्ती हाय म्हनून सांगून राहिली. ते आवंदा बारावी झाली. तिले नागपूरले नर्सिंग शिकाले जायचं होतं, अन् ते जात नव्हती. काहून? त माह्या डोळ्यात सकाळ-संध्याकाळ औषधाचा थेंब कोन टाकन म्हनून! आता सांगा बाप्पा. जे पोट्टी साऱ्या मोहल्ल्यात मी हे बनन, मी ते बनन करत फिरे, ते आखरीले येऊन अडली कुठं, त एका बुढीच्या डोळ्यात.

बनायचा तिले लहानपनापासूनच रोग. तिची माय बोरगावले कंपनीत जाते, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. बाप नाही. म्हनून पोट्टी माह्याच वसरीत वाढली, अन् जे जे तिले बनायचं होतं ते ते पयले माह्यावर बनून पाहे. नववीत असताना पोलीस. सकाळी उठून रामाकोन्याच्या रस्त्यानं पळे अन् मले शिटी वाजवाले उभी करे. मी शिटी वाजवली का मोहल्ल्यातले सारे कुत्रे तिच्या मांगं. मले वाटलं आता त हे पोलिसाचं भूत उतरन. त ते धापा टाकत येऊन म्हने, "आजे, कुत्र्यायनं माही स्पीड वाढली. उद्या अजून जोरात वाजव." तेवढ्यात माही कोंबडी हरपली. झालं, मले खाटेवर बसवलं अन् तपास सुरू. "कोंबडी शेवटी पाहिली तवा तू कुठं होती?" मी म्हनलं, "अवं, कोंबडी माही, अन् चोर बी मीच काय?" त म्हने, "पोलीस पयले घरच्यावरच शक करते." कोंबडी निघाली तिच्याच घराच्या जळनाच्या काड्यायमांगं, अंड्यावर बसलेली. फाईल बंद म्हने.

मंग पार्लर. मोबाईलवर पाहून दोरा आनला, एक टोक दातात धरलं अन् माह्या भिवईले लागली. या वयात भिवई कोराची काही गरज होती काय? पन आयकन तर! एक भिवई झाली, दोरा तुटला, दुसरा आनाले गेली, अन् तिकडं मैत्रीन भेटली त तिकडंच राहिली. महिनाभर मी एक भिवई बारीक अन् एक जाडी घेऊन बस स्टँडवर संत्री विकली. गिऱ्हाईक संत्र्याकडे कमी अन् माह्या तोंडाकडे जास्त पाहे. एका बाईनं त इचारलंच, "बाई, लकवा मारला काय?"

त्याच्यानंतर वकील. नळावर दोघी बाया पान्याच्या गुंडापायी भांडल्या, त हे सकाळी एकीकडून बोलली अन् संध्याकाळी दुसरीकडून. म्हने वकिलाले दोन्ही बाजू मालूम पाहिजे. त्या दोघी आपसात बोलाले लागल्या, अन् मले बोलनं बंद केलं, कारन या वकिलाले चहा मी पाजे. मी एक दिवस कंटाळून म्हनलं, "अवं, एक काही धर ना!" त म्हने, "धरून राहिली ना आजे. धरल्यावरच मालूम पडते का हे आपलं नाही."

नरस बनायचं तिच्या डोक्यात दिवाळीच्या आंगंमांगं आलं. मोबाईलवर कोनंतरी दाखवलं का नरस लोक सुई टोचाले संत्र्यावर शिकते. आता बाकी दुनियेत शिकत असतीन एखाद्या संत्र्यावर. आमच्या इकडं संत्र्याची काय कमी? रामाकोन्याच्या बागेतून मी आनलेला भरला टोपला वसरीत ठेवलेला. पोट्टीनं नवी सुई आनली, गिलासात मिठाचं पानी केलं, अन् टोपल्यातल्या एकूनएक संत्र्याले सलाईन देल्ली. मले पत्ताच नाही. मी आपली टोपला घेऊन बस स्टँडवर बसली. छिंदवाड्याच्या गाडीतला एक भाऊ संत्रं सोलून खाता खाता तोंड वाकडं करत खाली उतरला. "बाई, संत्रं खारं लागून राहिलं." मी म्हनलं, "भाऊ, तुमालेच ताप असन, तोंडाची चव गेली असन." मंग दुसरा आला. मंग एक म्हातारी आली, तिनं त संत्रं माह्या मांडीवरच फेकलं. मी एक फोड तोंडात टाकली. लोनच्याचं पानी परवडलं. तसाच टोपला डोक्यावर घेऊन घरी आली, हिले माराले वाटेतून एक काडी उचलली, आज हिले सोडतच नाही म्हनलं. हे दारातच उभी. म्हने, "आजे, पेशंट कसे हायेत?" मी बोलाच्या आधी इचारते, "सुई टोचल्याचं दिसलं काय कोनाले?" मी म्हनलं, "नाही." त म्हने, "मंग माहा हात चांगला हाय." अन् हातातली काडी माह्याच हातात राहिली.

त्याच थंडीत माह्या डोळ्याचं निघालं. दिव्याभोवती गोल गोल रंग दिसाले लागले. मले वाटलं वयाचं असन. तिनंच हात धरून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हनले काचबिंदू हाय, गेली ते नजर वापस येत नाही, राहिली ते टिकवा लागन. सकाळ-संध्याकाळ थेंब टाकाचा, जलमभर, खंड पडला नाही पाहिजे. माहा हात थरथर कापते. पोरगा सुरतले मिलमध्ये, सनासुदीले येते. त औषधाची शिशी त्या दिवशी पोट्टीनं जे आपल्या हातात घेतली ते घेतलीच.

पन कसं टाके ते इचारू नका. "वर पाय. वर! माह्या तोंडाकडे कायले पाहून राहिली, छताकडे पाय. हलू नको. आजे, डोळा मिटला त मी पुन्हा टाकन." मी स्टँडवर असली त शाळेच्या ड्रेसमध्ये सायकलीवर येऊन साऱ्या लोकायसमोर माही मान मांगं करे. पशिंजर गोळा होत. एकदा कंडक्टर म्हने, "बाई, आमच्या डायवरचे बी डोळे पाहून द्या." हे तोऱ्यात म्हने, "नंबर लावा." मले मेल्याहून मेल्यासारखं होये. पन एक गोष्ट मी पाहिली. थेंब हातात आल्यापासून पोलीस, पार्लर, वकील सारं गेलं. दुसरं काही बनायचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

मंग शाळेत बिदाई झाली. अकरावीचे पोट्टे बारावीच्यायले निरोप देते. पोट्ट्या साड्या नेसून जाते, गळ्यात एकेकाले पुठ्ठ्याची पाटी लटकवते, अन् पुढं काय बनशीन ते माईकवर हिंदीत सांगा लागते. तिची माय पाळीवर होती, त मले बसवलं पयल्या लाईनीत. एका पोट्ट्यानं छाती फुगवून सांगितलं का मी कलेक्टर बनन, अन् माईकच बंद निघाला. त्याले कलेक्टर पुन्हा बना लागलं. एकीच्या साडीच्या निऱ्या स्टेजवरच सुटल्या, त ते निऱ्या धरूनच म्हने, मले फौजेत जायचं हाय. आमच्या हिच्या गळ्यात पाटी होती, 'होनेवाली सब कुछ'. सारी शाळा हासून राहिली. मी मनातल्या मनात म्हनलं, आता बोल नरस, अन् उतर खाली. हे माईक घेते अन् म्हनते, "मैं कहीं नहीं जाऊंगी. सौंसर में ही रहूंगी." टाळ्या अर्ध्यात थांबल्या. मास्तरीन बाई माह्याकडे पाहे, मी मास्तरीन बाईकडे.

रस्त्यानं मी तिले धुतली. "काहून बोलली वं तशी?"

"मंग थेंब कोन टाकन?"

"मी टाकन. मले हात नाही काय?"

"हात हाय. त्या हातानं चहा बशीत कमी अन् पदरावर जास्त पडते."

घरी आल्यावर जुन्या शिशीत पानी भरलं अन् माही परीक्षा घेतली. स्वतः खुर्चीवर बसली, परीक्षेले आलेले बाहेरगावचे मास्तर बसते तशी, पायावर पाय टाकून. पयला थेंब कपाळावर पडला. दुसरा नाकात. तिसरा कुठं गेला ते मले समजलंच नाही. ते म्हने, "कानात गेला. आजे, काचबिंदू कानाले नाही झाला." अन् फेल केलं. दुसरीत माही शाळा सुटली, पन तवा बी मले कोनी फेल केलं नव्हतं.

मी लय परीक्षा देल्ल्या. ते पास करे त नाही. रिझल्ट आला, चांगले नंबर आले, नागपूरच्या कॉलेजात जागा भेटली. जायचा दिवस जवळ येऊन राहिला अन् हे बॅग भरत नाही. तिची माय पाळीवरून येऊन माह्या वसरीत बसली. म्हने, "आजी, मी कंपनीत साफसफाईत जलम काढून राहिली. हिनं नाही काढला पाहिजे. तुमीच सांगा तिले." मी काय सांगू? सांगून सांगून त माहं तोंड दुखलं होतं.

घरवाला गेला तवा माहा पोरगा मांडीवर होता. मी लोधीखेड्याकडं कापूस वेचला, संत्र्याच्या ट्रकात पेट्या चढवल्या, ताप अंगात घेऊन बाजारात बसली. उपाशी झोपली, पन शेजारी मूठभर पीठ मांगाले गेली नाही. कोनाले काही मांगाची मले सवयच नाही. त्या दिवशी स्टँडवर बसल्या बसल्या माह्या ध्यानात आलं का इथं मांगितल्याशिवाय हे पोट्टी काही हालत नाही. माह्या बाजूले चहाची टपरीवाली बसते. किती वर्साची आमची बसनूक, पन मी तिच्याजवळून फुकटचा चहा बी घेतला नाही कधी. उठली, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

ते म्हने, "काय झालं वं बुढे? चिल्लर पाहिजे काय?"

मी म्हनलं, "माह्या डोळ्यात थेंब टाकशीन काय? सकाळ-संध्याकाळ. जलमभर."

तिनं हातातली गाळनी खाली ठेवली. मंग म्हने, "अवं, एवढुशासाठी फाशीवर चढल्यासारखं तोंड कायले केलं? बस खाली. मले वाटलं किडनी मांगते का काय."

पन पोट्टी अशी ऐकते काय? दुसऱ्या दिवशी ते टपरीवालीची परीक्षा घ्याले हाजर. साबनानं हात धुवाले लावले, नखं पाहिली, शिशीचं टोक डोळ्याले लागलं म्हनून पुन्हा कराले लावलं. टपरीवाली मले डोळा मारून म्हने, "हे नरस बनन का सासू?" पन थेंब पडला, बरोबर डोळ्यात. पोट्टीनं वाकून पाहिलं, अजून एकदा पाहिलं, अन् शिशीचं बुच लावलं. मी म्हनलं, "आता जाशीन ना?" तिनं हो म्हनून मान हालवली, अन् कोरडीच शिशी पुसत राहिली.

ते गेली त्या दिवशी गाडीच्या खिडकीतून अर्धी बाहेर निघून वरडली, "आजे, शिशी उन्हात ठेवू नको! औषध संपाच्या आधी नवी आन!" मी म्हनलं, "जाय वं बाई, डोकं नको खाऊ." गाडी निघाली. मी टोपल्यापाशी येऊन बसली.

आता टपरीवाली टाकते. हात हलका हाय तिचा, वरडत नाही, वर पाय म्हनत नाही. थेंब टाकते अन् आपल्या गिऱ्हाईकाकडे जाते. थेंबानंतर थोडा वेळ डोळे मिटून ठेवा लागते. तेवढा वेळ ते पोट्टी माह्या बाजूले बसून बडबड करे अन् मी म्हनो, चूप बस ना माय. आता मी डोळे मिटून बसली असतो, अन् कंडक्टर वरडत असते, नागपूर, नागपूर, नागपूर. उघडाची वेळ झाली तरी मी अजून जरा तशीच बसतो.