दीड तासावरचं बेळगाव

माझ्या चुलतसासऱ्यांनी जेवढा विमानप्रवास केला तेवढा सबंध नगर जिल्ह्यात कुणी केला नसेल, आणि तोही एकदासुद्धा विमानात न बसता. काका भूगोलाचे निवृत्त मास्तर, आमच्याच घरात राहायचे. लढाईच्या दिवसांत नगरबाहेरच्या माळावर लष्करी विमानं उतरायला लागली आणि त्यांच्या डोक्यात जी घरघर सुरू झाली ती लढाई संपली तरी थांबेना. मी कचेरीतून थकून यावं, टोपी खुंटीला लावावी, तर हे नकाशा पसरून तयार. दोन गावांवर दोरा ताणायचा, चिमटीत धरून पट्टीवर मोजायचा आणि म्हणायचं, "जावईबापू, नगर ते बेळगाव सव्वादोनशे मैल. म्हणजे दीड तास! सकाळचा चहा इथे, दुसरा तिथे." बेळगावलाही विमानं उतरतात, एवढं त्यांना पुरे. त्या विमानांत तुम्हाआम्हाला कोण बसवणार, असं विचारलं की "तो पुढचा तपशील" म्हणून मोकळे. बाकीची गावं बदलत, पण बेळगाव रोज असे. एकुलती एक लेक तिथे दिलेली. काकू वैतागून म्हणायच्या, "रीळच्या रीळ बेळगावला पोचलं, पण माझ्या पोलक्याला गुंडी काही लागली नाही."

एकदा मिरजगावला लग्नाला निघालो. मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी, ती चढावर धापा टाकत बसली. सगळे ढकलायला उतरले. काका मात्र आभाळाकडे बघत म्हणाले, "विमानानं आत्ता आपण सोलापूर ओलांडलं असतं." मागून खांदा लावलेला एक शेतकरी म्हणाला, "मास्तर, इमान ऱ्हाऊ द्या. आदी मोटारीला हात लावा." काकांनी लावला, पण एकच. दुसरा वाऱ्याची दिशा दाखवण्यात गुंतला होता.

मग एके सकाळी तार आली. लेकीला विषमज्वर झालाय, ताबडतोब निघा. काकूंना संधिवातानं हलवेना, म्हणून सोबतीला मी. दौंडला गाडी बदलली, पुण्याला बदलली. पुढची छोटी गाडी तर दर स्टेशनावर कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी रेंगाळे. काका गप्प. इतकी वर्षं ज्या बडबडीनं मी थकलो होतो, ती थांबल्यावर आणखीच थकलो. शेवटी न राहवून मीच म्हणालो, "काका, विमानानं एव्हाना..."

"नका हो," ते म्हणाले. "विमान नाहीये ना."

मिरजेला आणलेला चहा त्यांच्या हातातच निवून गेला.

बेळगावला पोचलो तेव्हा काकांचे जावई दारातच उभे होते. "काल रात्रीपासून ताप उतरतोय," ते म्हणाले. काका त्यांना ओलांडून थेट आत गेले. खाटेवर लेक पडलेली. केस कापलेले, तोंड एवढंसं झालेलं. ते खाटेच्या कडेला बसले, पण तिला हात लावायचा धीर होईना. तिनेच डोळे उघडले. क्षणभर बघत राहिली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बाबा, वहाणा."

खरंच, पायांत वहाणा तशाच होत्या. काका त्या काढायला खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी हळूच बाहेर येऊन ओट्यावर बसलो.