बाईंच्या घरची भेट

"हात मांगं!"

कोणाच्याही घरात शिरताना बाई उंबरठ्यावर थांबायच्या, स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या आणि आमच्याकडे वळून एवढंच म्हणायच्या. आम्हीही हात बांधायचो. प्रार्थनेला निघालेल्या शाळकरी मुलींसारखी आमची रांग आत शिरायची, आणि या बाया पाठीमागे काही लपवून आणून राहिल्या की काय, असं घरातल्या माणसांना वाटायचं.

आमचं काम घरभेटीचं. जी तान्ही लेकरं उशिरा मान धरतात, बसत नाहीत, हाकेला पाहत नाहीत, त्यांच्या घरी एका छोट्या संस्थेकडून आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या गावोगावी जायचो. हे काम कसं करायचं ते बाई आम्हाला शिकवायच्या. नोकरीची सारी वर्षं त्यांनी अंगणवाड्यांची देखरेख केली होती. निवृत्त झाल्यावर त्या इकडे आल्या.

"तू आठवड्यातून एक डाव येशील," त्या म्हणायच्या. "माय रोज राहते. तुया हातानं लेकरू बसलं तं तू गेल्यावर पडन. मायच्या हातानं बसलं पायजे. म्हनून तुये हात मांगं."

भंडाऱ्याच्या हॉलमध्ये प्रशिक्षण असलं की बाई सासू व्हायच्या. पदर डोक्यावर, एक हात कमरेवर. समोर आमच्यापैकी एखादी, घरभेटीला आलेली ताई. "कायले आली वं माया घरी? माया नातू का पांगळा हाय?" असं त्या इतक्या मनापासून ओरडायच्या की एकदा नवीन लागलेली एक मुलगी खरोखरच चप्पल घालून निघाली. बाई पदर सावरत तिच्यामागे जिन्यापर्यंत धावल्या. "अवं पोरी, ये मांगं! सासू खोटी हाय!" आम्ही पोट धरून हसलो होतो.

एकदा मी त्यांच्याबरोबर बपेऱ्याला गेले. तिथल्या एका धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी दीड वर्षाचं लेकरू होतं, मान अजून डुलायची. आई अंग चोरून उभी. बाईंनी लेकराला हात लावला नाही. "आंघोळ कशी घालता? दाखवा बरं," एवढंच म्हणाल्या. आईने पाय लांब केले, लेकराला पायांवर पालथं घातलं. पाठीवर कोमट पाणी पडलं तसं त्याने डोकं उचललं. क्षणभरच, पण उचललं.

"मान कोनं उचलली?" बाईंनी विचारलं.

"यानं."

"कोनाच्या पायावर?"

आई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या. तुमसर जवळ आल्यावर खिडकीबाहेर पाहतच त्या म्हणाल्या, "पोरी, माया नातू बी असाच हाय."

त्या जवाहरनगरला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. मुलगा फॅक्टरीत नोकरीला. नातू वर्षाचा होत आला होता.

"घरी बोलल्या नाही जी?"

"लोकायच्या घरी बोलतो. आपल्या घरी जीभच उचलत नाही." मग माझ्याकडे वळून, "तूच ये. मी बोलली तं ते आईचं बोलनं होते. तू बोलली तं ऐकन तो."

मी रविवारी गेले. मुलाने पाणी दिलं, चहा सांगितला. माझं काम काय, हे ध्यानात आल्यावर मात्र त्याने कप खाली ठेवला.

"आई, साऱ्या जगातले लेकरं तुले बिमारच दिसते का? आता माया पोरगा बी पाहिजे का तुया टरेनिंगले?"

सून बाळाला छातीशी धरून उभी राहिली. बाई स्वयंपाकघराच्या दाराशी होत्या, हात पाठीमागे. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट आवळलेलं मला दिसत होतं. मी उठून आले.

पुढे काय झालं ते सुनेने फोनवर सांगितलं. घरात रोज धुसफूस. मुलगा आईला म्हणायचा, तू लेकराकडे पाहून राहिली का मले धडकीच भरते. शेवटी एक दिवस बाईंनी जेवता जेवता म्हटलं, "मी गावाले जातो. पन त्या पोरीले येऊ दे." मुलगा रागात होता. "जा," म्हणाला.

बाई पवनीकडच्या आपल्या गावी गेल्या. मुलाने आईची अट पाळली. तो ड्यूटीवर असताना मी जाऊ लागले.

रब्बीच्या दिवसांत मी बाईंना भेटायला गेले. अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. वाळल्या होत्या. नातू आता मान धरतो, उशीला टेकून बसतो, सून सारं छान करते, असं मी भरभरून सांगत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् त्याचा बाप? जेवते का बरोबर?"

मी जायचे तेव्हा तो ड्यूटीवर असायचा, मी तेच सांगितलं.

"मायजवळ बसा, मायजवळ बसा, हे साऱ्यायले शिकवलं मी," त्या म्हणाल्या. "बापाजवळ कोन बसन, हे कोनाले शिकवलंच नाही. तो भेऊन राहिला, पोरी. लहानपनी बी भेला का असाच ओरडे."

त्यानंतर मी माझी वेळ बदलली. फॅक्टरी सुटायच्या सुमाराला जाऊ लागले. मी असले की तो आत यायचा नाही. डब्याची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहायचा. एका संध्याकाळी मीही बाहेर आले आणि पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"चालन का जी तो?" त्याने समोर पाहतच विचारलं.

"आत्ताच नाही सांगता येत, दादा. पन तुमचा आवाज आला का मान फिरवते. मायच्या आवाजाले तेवढी नाही फिरवत."

"खरंच?"

तो उठला. बूट न काढता आत गेला, गोधडीशेजारी खाली बसला आणि बाळाला हाक मारली. बाळाने डोकं वळवलं. हळूहळू, डुलत, पण पूर्ण वळवलं. बापाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सून दारातच थांबली.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन केला. सारं सांगितलं.

"बसला? लेकराजवळ बसला?"

"हो जी."

"मले काही म्हनला का?"

मी पुन्हा बाळाचंच सांगू लागले. बाई म्हणाल्या, "राहू दे. त्याले घाई नको करू."

नातू आता कठड्याला धरून उभा राहतो. बाई अजून गावीच आहेत.