आट्यांवरची पांढरी टेप

सकाळी गॅरेजचं शटर वर ढकललं की दादा आधी रात्रभर उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचं बॉनेट उघडायचा आणि इंजिनला हाताची मागची बाजू लावायचा. सगळी गारच असायची. शेजारचा टायरवाला म्हणायचा, ताप बघतायत बघा डॉक्टर. दादाचं म्हणणं एवढंच, की गार किती ते ठाऊक असलं तरच गरम किती झालं ते कळतं.

बहीण त्याच्याकडे गाडी घेऊन आली ती आठवडाभर चालढकल करून. तिच्या सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे, तेही पस्तीस किलोमीटरवर. जुन्या गाडीचा तापमानाचा काटा मध्येच झटक्यात वर उडी मारायचा, मध्येच तळाला जायचा. मागच्या खेपेला ती घाबरून अर्ध्या वाटेतून परतली. एक फेरी चुकली आणि सासूबाईंचे पाय सुजले. दुसऱ्या एका गॅरेजने सांगितलं होतं, इंजिनच खोलावं लागेल, पंधरा दिवस गाडी ठेवून जा. नवरा सोबत होता. तो प्लंबर, मेहुण्याच्या दारात काही मागायला जाणं त्याच्या जिवावर यायचं. गेल्या महिन्यात सेन्सर बदलला, तोही त्याने स्वतःच.

दादाने पाणी पाहिलं, पंखा पाहिला. इंजिन चालू करून रबरी पाइपवर हात ठेवून उभा राहिला. काटा तळाला गेला, पाइप मात्र चटका बसेल इतका गरम. मग त्याने सेन्सरची वायर काढून तिचं टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवलं. काटा सरळ वर गेला आणि तिथून हलला नाही. म्हणजे वायर चांगली, काटाही चांगला. इंजिन गार होऊ दिलं आणि सेन्सर फिरवून बाहेर काढला.

आट्यांवर पांढरी टेप होती. चार वेढे, अगदी एकसारखे. घरातल्या प्रत्येक नळाला बहिणीने हेच वेढे पाहिले होते. ती नवऱ्याकडे न बघता भिंतीवरच्या पान्यांकडे बघत राहिली.

“गळू नये म्हणून,” नवरा म्हणाला.

“नळ असता तर शंभर वर्षं गळला नसता, दाजी,” दादा म्हणाला. “पण हा बेटा इंजिनला अंग भिडल्याशिवाय बोलत नाही. मध्ये टेप आली की कधी खरं सांगतो, कधी थापा मारतो.”

टेप खरवडून, तांब्याची चकती घालून त्याने सेन्सर परत बसवला. चढाच्या रस्त्यावर तासभर गाडी फिरवली; काटा मधोमध राहिला. मंगळवारी सासूबाई वेळेत पोचल्या.

दादा त्याच महिन्यात गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. बहिणीला त्याचं शेवटचं बोलणं आठवतं ते गाडी दुरुस्त झाली त्या दिवसाचं. गाडी निघताना तो तिच्या नाही, पलीकडच्या खिडकीशी वाकला होता.

“दाजी, वरच्या टाकीचा बॉलकॉक नीट बसत नाहीये, पाणी वाहून जातं. सवड मिळाली की येऊन जा. मला ते जमत नाही.”