अच्छाडच्या ढाब्यावरचा कल

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. आता का सांगतोय? खरं सांगू — मलाही नीट ठाऊक नाही. कंटाळा आलाय हे आत ठेवून वावरण्याचा, एवढंच.

मी डहाणूच्या एका ज्युनियर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. राहायला सरावलीला. निवडणुकांचं मला वेड आहे — किंवा होतं. एकदा आपल्याकडचा निकाल मी आधीच बरोबर सांगितला आणि तिथून डोक्यात हवा गेली. लोक स्टेशनवर थांबवून विचारायचे, सर, यंदा वारं कुणाचं? मग मी युट्यूबवर एक चॅनेल काढलं. बघणारे कोण? माझे विद्यार्थी, दोन मेव्हणे आणि निवृत्त झालेले काही रेल्वेवाले. पण माणसाला तेवढंही पुरतं, नाही का?

तेव्हा तमिळनाडूची निवडणूक तोंडावर आली होती. मागची, करोनाच्या काळातली. तिकडचं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण टीव्हीवरचे सगळे बोलत होते, मग मी का मागे राहू? आणि माझ्याकडे एक गोष्ट होती जी टीव्हीवाल्यांकडे नव्हती — अच्छाड. तिथे हायवेवर, गुजरातच्या सीमेवरच्या नाक्यापाशी तमिळनाडूच्या गाड्या थांबतात, आणि थांबलेला ड्रायव्हर बोलतो. मी रविवारी स्कूटर काढून तिकडे जायला लागलो.

सगळ्या दक्षिणेकडच्या गाड्या एकाच ढाब्यावर लागायच्या. जमनाबेनच्या. ही बाई जवळच्याच वेवजी गावची, नवरा गेल्यावर एका मुलाला घेऊन तिने हा ढाबा उभा केला होता. ड्रायव्हर लोकांनीच तिला रस्सम शिकवलं होतं, आणि तिच्या हाताला ते असं बसलं होतं की हायवेवर एकमेकांना फोन करून ते तिच्याकडे जेवायला थांबायचे. आजूबाजूचे ढाबे रोटी-भाजीचे. भात-रस्समचा हा एकच. तिचं घर त्या गाड्यांवर चालत होतं, हे मला पक्कं माहीत होतं. तिने मला कायम खुर्ची पुसून दिली. सर, म्हणायची, आणि लगेच आपणहून ड्रायव्हरांशी ओळख करून द्यायची — ह्ये आमचे सर, भला माणूस.

त्यांतलाच एक सेल्वम. नामक्कल बाजूचा. बाकीचे ड्रायव्हर टोलवाटोलवी करायचे, हा मोकळा बोलला. म्हणाला, आमच्या गाडीमालक सेठच्या घरावर सरकारवाल्यांचा झेंडा आहे, म्हणून सगळे ड्रायव्हर तेच येणार म्हणतात. पण आमच्या गावात या वेळी कुणीही त्यांना मत देणार नाही, मीही नाही. मला आनंद आवरेना! याला म्हणतात कल. मी मोबाईल वर केला, तसा तो हात आडवा धरून म्हणाला, "सर, वीडियो मत निकालो. सेठ देखेगा तो गाडी से उतार देगा."

मी मोबाईल खिशात ठेवला. शर्टाच्या वरच्या खिशात, कॅमेरा बाहेर ठेवून. आणि तो चालू ठेवला.

नोंदीसाठी, असं मी स्वतःला सांगितलं. घरी आल्यावर मात्र राहवेना. असा माणूस एकाही चॅनेलकडे नव्हता. त्याच्या तोंडाला मास्क होता — तेव्हा सगळ्यांच्याच असायचा. मागे ट्रक दिसत होता, तर मी त्याची नंबरप्लेट पुसट केली. बराच वेळ बसून, काळजीपूर्वक. स्वतःवर खूशही झालो, की बघा, मी किती जबाबदार माणूस आहे. ट्रकच्या काचेवर वर काही तमिळ अक्षरं होती, लाल-पिवळी. मला वाटलं देवाचं नाव असेल, नक्षी असेल. ती तशीच राहिली, आणि व्हिडिओ चॅनेलवर गेला.

तो मालकाचा पत्ता होता. नाव आणि गाव. ते वाचता न येणारा तमिळ माणूस शोधून सापडला नसता, आणि मला वाटत होतं की डहाणूचं मराठी चॅनेल तिकडे कोण बघतंय! कुणीतरी सेल्वमचं हिंदी बोलणं तेवढं कापून पुढे पाठवलं, आणि ते ड्रायव्हरांच्या ग्रुपमधून मालकाच्या घरी पोचलं.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा ढाब्यावर जेवण चाललं नव्हतं. ड्रायव्हर जमनाबेनला घेरून उभे होते. सेल्वमला सेठने गाडीवरून उतरवलं होतं, आणि दुसरा कुणी त्याला गाडी देत नव्हता. एकाच्या मोबाईलवर ती क्लिप होती — माझं नाव नाही, माझा आवाज नाही, पण तिच्या ढाब्याचं निळं छप्पर स्वच्छ दिसत होतं. तिने मला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. अजून आठवतो मला तो. "सर, ह्या कोणी केला? तुमाला म्हाइत हाय का?"

एक वाक्य पुरलं असतं. चार शिव्या खाल्ल्या असत्या, फार तर एक-दोन थपडा. मी काय केलं? मी म्हणालो, मलाही हे फॉरवर्डच आलंय. तिथेच थांबलो असतो तरी — पण नाही. मी पुढे म्हणालो, इथेच उठणाऱ्या-बसणाऱ्या कुणीतरी काढलं असेल. मग ड्रायव्हरांनी माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघितलं. मी स्कूटर चालू केली. तलासरी यायच्या आत रस्त्याकडेला थांबून व्हिडिओ काढून टाकला.

गाड्या थांबायच्या बंद झाल्या. एकदम नाही, हळूहळू. मी त्या बाजूला जायचं टाळलं, पण कानावर येत राहिलं. ढाबा बंद झाला. जमनाबेन फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, हे एका विद्यार्थिनीने सहज सांगितलं. त्या मुलीची आई तिथेच कामाला आहे. सेल्वमचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. विचारणार तरी कुणाला, असं म्हणून मोकळा झालो — ते खोटं आहे, विचारता आलं असतं.

गेल्या महिन्यात ती मला डहाणूच्या बाजारात भेटली. मी नजर चुकवत होतो, तिनेच हाक मारली. वाळली आहे. बोटं फुग्यांच्या पावडरीने पांढरी झालेली. तब्येत विचारली माझी. मग ढाब्याचा विषय निघाला, तिनेच काढला, रागाने नाही, दमून.

"ए डायवर लोक तुमच्यावरच वहीम घेत होते, सर. तुमी गेल्यावर बोलले, मास्तरच मोबाईल घेऊन फिरतो. मी पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितला, सर तसा नाय करणार. मग बोलले, तो नाय, तं तूच."

तिने मान हलवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी बोलावं म्हणून असेल.

"बरं केलंत," मी म्हणालो.